मदत हवी आहे: इंदूरमध्ये स्वतःची वाइन नेता येईल असं रेस्टॉरंट

आईबाबांच्या लग्नाला यंदा 40 वर्षं होतायत. दादा नाशिकहून शिराझ या रेड वाइनच्या दोन बाटल्या आणतोय, 750 मिलीच्या. बाबांनी स्वतः निवडल्यात, त्यामुळे त्याच उघडायच्या आहेत. आम्ही आठ जण. वाइन पिणारे चौघंच, बाकीच्यांना जेवण महत्त्वाचं.

विजयनगर आणि पलासिया भागात फोन करून झाले. बार परवाना असलेले म्हणतात, आमच्याकडचीच घ्या. एका परवाना नसलेल्या ठिकाणी म्हणाले, या, कोपऱ्यातलं टेबल देतो, स्टीलच्या पेल्यात ओता. असं चोरून अजिबात नको. परवाना नसताना तिथे पिऊ देणं बेकायदा आहे, आणि आईबाबांच्या दिवशी कोणाला घाबरत बसायचं नाही. घरी करा म्हणाल, तर आईला त्या दिवशी स्वयंपाकघरापासून लांब ठेवायचंय.

कॉर्केज (आपली बाटली तिथे उघडू देण्याचं शुल्क) द्यायची तयारी आहे, बाटलीमागे हजारापर्यंत. काचेचे नीट ग्लास हवेत आणि रेड वाइन बर्फासारखी गार करू नये, एवढंच. आजीसाठी कांदा-लसूण नसलेलं जेवण मिळायला हवं. तिला जिने चढवत नाहीत, म्हणून रूफटॉप असेल तर लिफ्ट हवीच. गाणी हळू असतील तर उत्तम. शनिवारची संध्याकाळ आहे.

अलीकडे कोणी परवाना असलेल्या ठिकाणी स्वतःची बाटली रीतसर, कॉर्केज भरून नेली आहे का? कुठे? आणि हॉटेलचा छोटा हॉल घेतला, तर आबकारीचा एका दिवसाचा परवाना आपण काढायचा की हॉटेलने?