सील बदलण्याआधी ब्रीदर बघा
"मागून तेल गळतंय म्हणजे क्रँकचं सील गेलं, इंजिन उतरवा" हा नेहमी मिळणारा सल्ला ॲम्बॅसेडरच्या जुन्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाला लागू पडत नाही. तिथे मागच्या बाजूला रबरी सीलच नसतं. क्रँकशाफ्टवर, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्यावर, आटे कापलेले असतात, शाफ्ट फिरला की ते तेल परत आत ढकलतात. पण आतला दाब वाढला की हे आटे हरतात. पिस्टन रिंगांमधून निसटलेल्या वायूला ब्रीदर, म्हणजे तो वायू बाहेर सोडणारी नळी, बंद मिळाला, तर तो तेल सोबत घेऊन आट्यांभोवतीच्या फटीतून बाहेर पडतो.

आमच्या गाडीचा टॅपेट कव्हरवरचा (इंजिनाच्या बाजूच्या झाकणावरचा) ब्रीदर पाईप काढला, तर आत काळा चिकट गाळ इतका घट्ट की तार आरपार जाईना. रात्रभर रॉकेलमध्ये भिजवून तो मोकळा केला, रॉकर कव्हरची (इंजिनाच्या वरच्या झाकणाची) कडक झालेली नळी बदलली, आणि इंजिनामागच्या क्लच हाउसिंगखालचं तेलाचं थारोळं चार थेंबांवर आलं. तेवढं या इंजिनात चालायचंच. ब्रीदर मोकळा असूनही, गरम इंजिन आयडलिंगला ठेवून तेलाचं झाकण उघडल्यावर भसाभसा धूर येत असेल, तर मात्र रिंगा झिजल्यात. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घ्या.