कॅसिनो कंपनी विकत घ्यायची मागणी आली, तर शेअर धरायचा की सोडायचा?

तर्रीवाला ४४००१०
नागपूरच्या फुटाळा तलावाला चक्कर झाली की आम्ही पाचसहा जण पोह्यांवर बसतो. आज विषय कॅसिनोचा. आमच्यातला एक गोव्यात कॅसिनो चालवणाऱ्या डेल्टा कॉर्पचे शेअर घेऊन बसलाय. म्हणतो, कधीतरी कोणीतरी मोठा ही कंपनी विकत घेईल आणि मी सुटेन. (तशी काही बातमी नाही, याचं आपलं स्वप्न.)

मी त्याला एन्टेनची गोष्ट सांगितली, लॅडब्रोक्स नावाने बेटिंग चालवणारी ब्रिटिश कंपनी. जानेवारी २०२१ मध्ये लास व्हेगासच्या एमजीएम या कॅसिनो कंपनीने तिला विकत घ्यायला शेअरमागे १,३८३ पेन्स देऊ केले, एकूण ८.१ अब्ज पौंड. संचालक म्हणाले, कमी आहे. सप्टेंबरात ड्राफ्टकिंग्ज ही अमेरिकन बेटिंग कंपनी २,८०० पेन्स घेऊन आली, ऑक्टोबरात परत गेली. २०२४ मध्ये भाव ६०० च्या खाली! माझं म्हणणं, मागणीच्या बातमीने भाव उसळला की विकून मोकळं व्हावं.

इतवारीचा भाऊ
काय बोलून राहिले तुम्ही! जानेवारीत विकून मोकळा झालेला माणूस सप्टेंबरात कपाळ बडवत बसला असंल ना? तेव्हा भाव २,००० च्या वर होता. नऊ महिन्यांत दुप्पट मागणी येते म्हणजे पहिली कमीच होती. संचालक काहून चुकले?

सीए ताई
दोघंही आकडा बघताय, पण तो मिळणार कशात होता? २,८०० पैकी रोख फक्त ६३०. बाकी ड्राफ्टकिंग्जचे शेअर, आणि ते २०२२ मध्ये पार झोपले. शिवाय अमेरिकेतल्या बेटएमजीएम या ऑनलाइन बेटिंग कंपनीत एन्टेन आणि एमजीएम अर्धे-अर्धे भागीदार, त्यामुळे एमजीएमच्या होकाराशिवाय तो सौदा पुढे सरकणं कठीणच होतं.

एमजीएमचं उलट. एन्टेनच्या एका शेअरला एमजीएमचे ०.६ शेअर मिळणार होते. २०२४ च्या सुरुवातीला एमजीएमचा शेअर ४० डॉलरच्या वर होता. गुणून बघा, २४ डॉलर, म्हणजे साधारण १,९०० पेन्स. 'कमी' म्हणून परत पाठवलेली मागणीच बरी निघाली असती.

इतवारीचा भाऊ
ताई, निकाल लागल्यावर पेपर कोणीबी सोडवते. २०२१ मध्ये हे कोणाले ठाऊक होतं? रोखीचा मुद्दा मात्र मान्य. आमच्या धंद्यात उधारीचा भाव वेगळा न् नगदीचा वेगळा.

सीए ताई
हेच तर म्हणतेय.

आता तर्रीवाल्यांच्या मित्राबद्दल. सप्टेंबर २०२३ मध्ये डेल्टाला ११,१३९ कोटींच्या जीएसटीची नोटीस आली आणि शेअर धाडकन पडला. कॅसिनोवरचा २८ टक्के जीएसटी त्याच वर्षी ऑक्टोबरपासून चिप्सच्या पूर्ण रकमेवर लागू झाला, सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के. घेणारा आला तरी आधी हेच कागद मागेल. आणि सेबीच्या नियमाप्रमाणे कंपनीतल्या हिश्श्याने २५ टक्क्यांची रेघ ओलांडली की त्याला किमान आणखी २६ टक्क्यांसाठी ओपन ऑफर, म्हणजे बाकी भागधारकांचे शेअर घ्यायची जाहीर मागणी, द्यावी लागते, सगळ्यांच्या सगळ्या शेअरसाठी नाही. जास्त लोकांनी दिले तर प्रमाणात घेतात, उरलेले तुमच्याच डिमॅटमध्ये.

तर्रीवाला ४४००१०
त्याला वाचून दाखवलं. नोटीस माहीत होती म्हणे, प्रमाणाचं नव्हतं. त्याला वाटत होतं, सगळे घेतात. ताई, हे मला त्याला समजावता येणार नाही. उद्या साडेसहाला फुटाळ्याला या, पोहे माझ्याकडून.