आईला मोठा स्ट्रोक. घरी आणू का? ब्युरो, बेड सुचवा (तिसरा मजला, लिफ्ट नाही)

अनघा_कर्वेनगर:
आई ८२ वर्षांची. मेंदूच्या उजव्या बाजूला मोठा स्ट्रोक, आज नववा दिवस. नाकातून नळी, ऑक्सिजन. डोळे उघडत नाही. न्यूमोनिया झालाय, ट्रेकिऑस्टॉमी (गळ्याला छिद्र पाडून श्वासाची नळी) करू का म्हणून विचारतायत. आई कायम म्हणायची, "मला नळ्यांत गुंडाळून ठेवू नका." लिहून मात्र काही ठेवलं नाही. भाऊ बंगळुरूला, त्याला सगळं करायचंय. ब्युरोकडून पेशंट सांभाळायला दिवसरात्र बाई हवी, महिना ३०,००० च्या आत. जिना अरुंद आहे.

सदाशिव_पेठी:
बेड भाड्याने अजिबात घेऊ नका. सासऱ्यांसाठी मी इलेक्ट्रिक घेतला, पाच फंक्शन्स, लाखाच्या वर गेला. ते दोन महिन्यांत गेले. आता दुपारी मीच झोपतो, पाठीला बरा पडतो.

मोगरा:
ब्युरोच्या नादी लागू नका. आमच्याकडे तीन बाया झाल्या. रात्रपाळीची रील्स बघत बसायची, कूस बदललीच नाही, कमरेखाली तळहाताएवढी जखम. एअरबेड असला तरी दर दोन तासांनी वळवावंच लागतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

वारजेकर७१:
वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह (त्रास कमी ठेवणाऱ्या काळजीचं) सेंटर आहे, मोफत.

मोगरा:
ते कॅन्सरच्या पेशंटसाठी हो. स्ट्रोकचं लिहिलंय त्यांनी.

चिकाटी:
ताई, आशा सोडू नका!! माझ्या मामांची अख्खी डावी बाजू गेली होती. आज तळजाईची टेकडी चढतात.

भूलवाली:
मामांचं वय?

चिकाटी:
५४. पण मुद्दा इच्छाशक्तीचा आहे.

भूलवाली:
मुद्दा ८२ आणि न्यूमोनियाचाही आहे. अनघा, मी आयसीयूत काम करते, तुमचे रिपोर्ट पाहिलेले नाहीत, तेवढं धरून वाचा. स्ट्रोकमध्ये पहिल्या काही दिवसांत कुणालाच नीट सांगता येत नाही, कॅन्सरसारखी हळूहळू ढासळणारी तब्येत आधी दिसत नाही. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: ट्रेकिओ केली तर सहा महिन्यांनी आई आपल्याला ओळखेल का, की नुसता श्वास चालू राहील? भावाला व्हिडिओ कॉलवर घ्या, उत्तर त्याने स्वतःच्या कानांनी ऐकू दे. अँटिबायोटिक्सना अमुक दिवस देऊन मग ठरवू, असंही म्हणता येतं.
आणि "काही करायचं नाही" म्हणजे टाकून देणं नव्हे. घशात घरघर झाली की कुशीवर वळवायचं, इंजेक्शन असतं. सारखं सक्शन केलं, म्हणजे नळीने कफ ओढला, की त्रासच होतो. धाप लागली तर थोडं मॉर्फीन. तोंड ओल्या गॉजने पुसत राहा. भुकेने तडफडेल असं वाटतं, पण शेवटाकडे शरीर अन्न मागतच नाही.

सदाशिव_पेठी:
हे इच्छामरण झालं. गुन्हा आहे तो.

भूलवाली:
नाही. असे उपचार थांबवायला परवानगी देणारा सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकाल आहे, २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. इच्छापत्र (कोणते उपचार नकोत ते आधी लिहून ठेवणं, मालमत्तेचं नव्हे) नसलं तरी चालतं: घरच्यांची लेखी संमती, हॉस्पिटलच्या डॉक्टरांचं एक बोर्ड, मग दुसरं, त्यात सीएमओने (जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने) नेमलेला डॉक्टर. मॅजिस्ट्रेटना कळवायचं. इच्छापत्र करायचं असेल तर दोन साक्षीदार आणि नोटरी पुरे.

सदाशिव_पेठी:
नोटरी किती घेतात?

निवृत्त_बँकर:
घरीच न्या, शेवट घरच्या माणसांत व्हावा. फक्त मृत्यूचा दाखला कोण देणार ते आधी ठरवा. आमच्या वहिनी रविवारी पहाटे गेल्या, सही करायला डॉक्टर मिळेना, दुपारपर्यंत सगळे पायऱ्यांवर बसून.

मोगरा:
घरीच न्या. एअरबेड मात्र घ्याच.

अनघा_कर्वेनगर:
सगळ्यांचे आभार. भावाने कॉलवर तो सहा महिन्यांचा प्रश्न विचारला. डॉक्टर बराच वेळ काही बोलले नाहीत. ट्रेकिओ करणार नाही, बोर्डाचे कागद हॉस्पिटल करतंय. पण घरी आणत नाही. त्या जिन्यावरून आईला वर चढवायचं आणि मग उतरवायचंही, माझ्याच्याने होणार नाही. गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरांच्या नर्सिंग होममध्ये खोली मिळतेय, दाखलाही तेच देतील. रात्री मी, दिवसा मावशी. तीस हजारांत बसत नाही. भाऊ उद्या येतोय.

सदाशिव_पेठी:
चार माणसं लावली की बेड तिसऱ्या मजल्यावर आरामात चढतो. असो. त्या नर्सिंग होमला सेकंडहँड बेड हवाय का, जरा विचाराल का?