डोनर एगचा निर्णय : मन दर दिवशी बदलते आहे, काय करावे?

प्रश्न : कृष्णाकाठ, सांगली

नमस्कार. मी विश्रामबागेत राहते आणि एका शाळेत शिकवते. माझा एएमएच, म्हणजे अंडाशयात किती बीजे उरली आहेत याचा अंदाज देणारा रक्तातला आकडा, फार कमी आहे. स्वतःच्या बीजावर आयव्हीएफ (शरीराबाहेर प्रयोगशाळेत गर्भ तयार करण्याचा उपचार) करून पाहिले, तेव्हा कधी बीजेच मिळाली नाहीत, तर कधी मिळालेल्या बीजांचे गर्भ पाचव्या दिवसापर्यंत टिकले नाहीत. पुण्याच्या डॉक्टरांनी आता डोनर एगचा पर्याय सुचवला आहे. बीज दुसऱ्या स्त्रीचे असेल, शुक्राणू माझ्या यजमानांचे असतील आणि गर्भ माझ्या गर्भाशयात वाढेल. वैद्यकीय भाग मला समजला आहे, अडते आहे ते मनाचे.

सकाळी वाटते की नऊ महिने मी पोटात वाढवणार, अंगावर पाजणार, रात्री जागवणार, मग ते मूल माझे नाही तर कोणाचे? दुपारपर्यंत हे बळ ओसरते. नुकतेच नणंदेच्या मुलाचे बारसे झाले. पाळण्याभोवती जमलेल्या बायकांनी बाळाचे कान आजोबांच्या, हनुवटी आत्याच्या आणि कपाळ थेट पणजीच्या नावावर लावून टाकले. बारा दिवसांच्या बाळात एवढे सगळे कसे दिसते ते त्यांनाच ठाऊक, पण मी घुगऱ्यांची वाटी हातात धरून उभी होते आणि माझ्या वेळी हे सुरू झाले की मी कुठे पाहायचे, एवढाच विचार करत होते.

यजमान म्हणतात, ‘तू म्हणशील तसे करू.’ त्यांच्या या समजूतदारपणाचाही मला राग येतो, कारण त्यांचे रक्ताचे नाते शाबूत राहणार आहे आणि सुटणार आहे ते माझे. सासूबाईंना अजून काहीच सांगितलेले नाही. त्या दर संकष्टीला गणपती मंदिरात माझ्या नावाने नारळ देतात. ज्यांनी हा मार्ग पत्करला आहे किंवा विचारपूर्वक नाकारला आहे, त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावे.

उत्तर : शाहूपुरीकर, सातारा

ताई, माझी मुलगी डोनर एगमधून झाली आहे आणि आता बालवाडीत जाते. ‘अगं, मूल तुझ्याच पोटातून येणार ना?’ हे वाक्य मला डॉक्टरांपासून जवळच्या मैत्रिणीपर्यंत सगळ्यांनी ऐकवले. ते खरे होते, तरी त्याने माझे समाधान झाले नाही, कारण मला दुःख दुसऱ्याच गोष्टीचे होते. माझ्या आईचे कुरळे केस आणि वडिलांचा गाता गळा घेऊन येईल असे एक मूल मी लग्नाआधीपासून मनात धरले होते आणि ते आता येणार नव्हते. जे कधी जन्मलेच नाही त्याच्यासाठी कोणी सांत्वनाला येत नाही, म्हणून हे दुःख बाई एकटीच गिळते. माझ्या समुपदेशक बाईंनी मला धीर दिला नाही, आधी रडू दिले. त्या मुलाचा निरोप घेतल्याशिवाय संमतीपत्रावर सही करू नका, असे त्यांचे म्हणणे होते आणि मी तेच तुम्हाला सांगेन. सहीनंतरही वाईट वाटेल, पण त्या वाईट वाटण्याचे ओझे येणाऱ्या बाळावर पडणार नाही.

पुढचे चढउतार वेगळ्या जातीचे असतात आणि ते आकड्यांवर चालतात. गर्भाशयाचे अस्तर सात-आठ मिलिमीटर झाले की आनंद, तिथेच अडले की रात्रभर झोप नाही. डोनरकडून किती बीजे मिळाली, त्यांतली पक्व किती, फळलेली किती आणि पाचव्या दिवशी उरलेले गर्भ किती, असा रोज फोन येतो आणि प्रत्येक फोनला आकडा खाली उतरतो. हे असेच असते हे आधी माहीत असले तर छातीत धस्स होणे थोडे कमी होते.

गर्भ टिकावा म्हणून देतात त्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या तेलकट इंजेक्शनांबद्दल कोणी नीट सांगत नाही. औषध दाट असते, जागा दगडासारखी घट्ट होते आणि रात्री कुशीवर वळणे अवघड जाते. आमचे यजमान बाटली तळहातांत धरून कोमट करत आणि नंतर मी गरम फडक्याने शेकत असे. सुरुवातीला गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन टोचून घ्यायचा विचार होता, पण आमच्या भागात कंपाउंडरला कळले म्हणजे पोवई नाक्यापर्यंत कळले. म्हणून यजमान क्लिनिकमधल्या सिस्टरांकडून इंजेक्शन द्यायला शिकले.

बीटा, म्हणजे दिवस राहिले का हे सांगणारी रक्ताची चाचणी, पॉझिटिव्ह आला की आता सुटलो असे वाटते. तसे होत नाही. दोन दिवसांनी आकडा दुप्पट होतो का, मग सोनोग्राफीत ठोका दिसतो का, मग तिसरा महिना सरतो का, अशी भीती फक्त पुढे सरकत राहते. मला पोटातली हालचाल जाणवू लागेपर्यंत मी बाळाशी एक शब्दही बोलले नव्हते. त्यामुळे तुम्हाला लगेच माया वाटली नाही तर घाबरू नका.

राहिला प्रश्न चेहऱ्याचा. लोक आजही न विचारता सांगतात की मुलगी अगदी माझ्या वळणावर गेली आहे. बोलण्याची ढब, कमरेवर हात ठेवून उभे राहणे आणि भात कालवण्याआधी वरणात बोट बुडवून पाहणे हे तिने माझ्याकडूनच उचलले आहे. मात्र ती डावखुरी आहे आणि आमच्या दोन्ही घरांत कोणी डावखुरे नाही. ती चित्र रंगवायला बसली की कधीतरी मला त्या अनोळखी स्त्रीची आठवण येते. त्यात आता दुखरेपणा उरलेला नाही, कुतूहल आहे आणि बरीचशी कृतज्ञता आहे.

उत्तर : निवृत्त परिचारिका, मिरज

वंध्यत्व विभागात बरीच वर्षे काम केल्यामुळे थोडे लिहिते. आपल्याला हे एकटीवरच आले आहे असे वाटते, पण आपल्या देशात दान केलेल्या स्त्रीबीजातून पहिले बाळ २४ जानेवारी १९९१ रोजी जन्मले. त्याचे श्रेय मुंबईच्या डॉ. इंदिरा हिंदुजा यांना दिले जाते. म्हणजे अशा मातांची पहिली पिढी आज आजी होण्याच्या वयाला आली आहे. त्या दिसत नाहीत, कारण बोलत नाहीत.

सहायक प्रजनन तंत्रज्ञानाचा २०२१ चा कायदा जानेवारी २०२२ पासून लागू झाला आणि त्यातील काही तरतुदींचा मनावर थेट परिणाम होतो. बीज देणारी स्त्री २३ ते ३५ वर्षांची असावी लागते, तिला आयुष्यात एकदाच बीजदान करता येते आणि तिच्याकडून सातपेक्षा अधिक बीजे काढता येत नाहीत. डोनरच्या शरीरावर ताण पडू नये म्हणून ही मर्यादा आहे आणि ती मला योग्यच वाटते. पण साताऱ्याच्या ताईंनी लिहिलेला घसरता आकडा सातपासूनच सुरू होतो हे ध्यानात ठेवा. गोठवून ठेवायला गर्भ उरला नाही तर त्यात तुमचे काहीही चुकलेले नसते. एका डोनरची बीजे एकाहून अधिक जोडप्यांना देता येत नाहीत. ती नोंदणीकृत बीज बँकेमार्फतच येतात आणि डोनरचा बारा महिन्यांचा आरोग्य विमा उतरवणे ही जोडप्याची जबाबदारी असते. हा खर्च ‘इतर’ या सदरात लपवलेला असला तर पावती मागा. ज्या बाईने तुमच्यासाठी इंजेक्शने घेतली आणि भूल घेतली, तिच्या विम्याची खात्री करून घेणे हे तुमच्याच मनाला स्वस्थ ठेवेल.

जन्मलेले मूल कायद्याने तुमचे दोघांचे जैविक अपत्य मानले जाते आणि डोनरला त्याच्यावर कोणताही हक्क सांगता येत नाही. उद्या कोणी दारात येईल या भीतीने झोप उडालेल्या बायका मी पाहिल्या आहेत. ती भीती मनातून काढून टाका.

आणखी एक गोष्ट मी स्पष्टच सांगते. यशाची शक्यता मुख्यतः बीज देणाऱ्या स्त्रीच्या वयावर ठरते, तुमच्या वयावर तितकी नाही, म्हणून इथे आशा मोठी असते आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला तर पडणेही उंचावरून होते. ‘डोनर एग घेतल्यावर होणारच’ असे जो सांगेल त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. शिवाय अशा गर्भारपणात रक्तदाब वाढण्याचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो, त्यामुळे प्रसूती कुठे करायची हे आधीच ठरवा आणि त्या डॉक्टरांपासून डोनर एगची गोष्ट लपवू नका. नातेवाइकांपासून लपवण्याचा अधिकार तुम्हाला आहे. प्रसूतितज्ज्ञांपासून लपवणे मात्र धोक्याचे आहे.

उत्तर : द्राक्षबागाईतदार, तासगाव

मी पुरुष असून लिहितो आहे, याबद्दल क्षमस्व. ‘तू म्हणशील तसे’ हे वाक्य आम्ही नवरे पुष्कळदा भीतीपोटी बोलतो. आपण आग्रह धरला आणि उद्या बायकोला बाळ परके वाटले तर दोष आपल्यावर येईल, ही ती भीती असते. माझ्या पत्नीने मला एका संध्याकाळी बेदाण्याच्या शेडवर गाठले आणि ‘तुमचे काय म्हणणे आहे ते आज सांगायचे, माझे नंतर’ असे ठणकावले. तेव्हा माझ्या तोंडून निघाले की मला एकट्याला सगळे मिळते आणि तिला काहीच मिळत नाही, याची मला लाज वाटते. हवे तर शुक्राणूही दुसऱ्याचे घेऊ म्हणजे दोघे सारखे होऊ, असेही मी म्हणालो. ती खूप हसली आणि म्हणाली, ‘अशी वाटणी बांधावर करतात, पाळण्यात नव्हे.’ त्या दिवसापासून आमचे बोलणे सुरू झाले. आपण यजमानांना घराबाहेर कुठेतरी, हरिपूरच्या संगमावर म्हणा, नेऊन बसवा आणि त्यांना आधी बोलू द्या.

उत्तर : प्रीतिसंगम, कराड

इथली उत्तरे प्रामुख्याने यशस्वी झालेल्यांची आहेत, म्हणून दुसरी बाजू नोंदवते. आमचे डोनर एगचे प्रयत्न फसले. एकदा बीटा वाढला आणि आठवड्याभरात उतरला. आपल्या बीजाचे अपयश मी ‘माझे बीज कमजोर’ म्हणून पचवले होते, परंतु तरुण बीजावरही अपयश आले तेव्हा आता गर्भाशयही आपले नाही असे वाटून मी फार खचले. डॉक्टरांनी सांगितले की चांगले दिसणारे गर्भही अनेकदा रुजत नाहीत आणि त्याचे कारण प्रत्येक वेळी सापडतेच असे नाही. ते पटायला मला वेळ लागला.

आम्हाला उपयोगी पडली ती एकच गोष्ट. पुढे किती पैसा आणि किती वेळ घालायचा, हे आम्ही उपचार सुरू होण्यापूर्वी दोघांनी कागदावर लिहून ठेवले होते. निगेटिव्ह रिपोर्ट हातात असताना माणूस पुढच्या तारखेला होकार देऊन बसतो, तेव्हा तो कागद कामी येतो. आम्ही थांबलो आणि दत्तकासाठी ‘कारा’ या केंद्र सरकारच्या दत्तक संस्थेच्या यादीत नाव नोंदवले. तिथेही वाट पाहणे आहे, पण त्यात माझ्या शरीराची रोजची परीक्षा नाही.

कृष्णाकाठ, सांगली

सर्वांची मनापासून आभारी आहे. कागदावर लिहिण्याची सूचना मी आजच यजमानांसमोर ठेवणार आहे. एकच गोष्ट अजून टोचते आहे. सासूबाईंना आणि पुढे मुलाला सांगावे की नाही?

शाहूपुरीकर, सातारा

आम्ही सासरी सांगितले नाही आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. मुलीला मात्र सांगतो आहोत. एका मावशीने दिलेल्या इवल्याशा बीजातून तू माझ्या पोटात वाढलीस, एवढी गोष्ट तिला आता पाठ आहे. तिने ती एकदा बालवाडीच्या बाईंनाही सांगितली, आणि बाईंना ती भाजीपाल्याच्या बियांची गोष्ट वाटली.

निवृत्त परिचारिका, मिरज

मुलाला लवकर सांगावे, हे माझेही मत आहे. केंब्रिज विद्यापीठातील सुसान गोलोम्बोक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कुटुंबांतील मुलांचा वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत पाठपुरावा करून २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. या मुलांचे मानसिक स्वास्थ्य इतरांहून कमी आढळले नाही, आणि ज्यांना सात वर्षांच्या आत सांगितले गेले त्यांचे आईशी नाते अधिक चांगले होते. ती कुटुंबे ब्रिटनमधील होती. आपल्याकडे एकाच घरात आजी, काकू आणि शेजार नांदतो, हा फरक मी मान्य करते. म्हणूनच साताऱ्याच्या ताईंशी माझा थोडा मतभेद आहे. मुलाला सांगायचे असेल तर ते आजीच्या कानावर मुलाच्याच तोंडून पडण्यापूर्वी तुम्ही सांगितलेले बरे. ती वेळ बाळ आल्यानंतरची असू शकते. नातवंड मांडीवर असताना ऐकून घेणे बहुतेक सासूबाईंना सोपे जाते. आत्ताच सांगण्याची घाई करू नका, कारण एकदा सांगितलेले परत घेता येत नाही.

आणि क्लिनिकमधून निघताना डोनरचे वय, रक्तगट आणि तिच्या घराण्यातील आजारांची जी माहिती बँकेने दिली असेल तिची प्रत मागून घ्या व संमतीपत्रांसोबत जपून ठेवा. पुढे मुलाच्या डॉक्टरांनी ‘घरात कोणाला मधुमेह आहे का’ असे विचारले, तर आईच्या बाजूचे खरे उत्तर त्याच कागदात असेल.