आकार शून्य, मग ती ‘धारिका’ कशी?

अर्धाकप : लिनक्सवरच्या एका पुस्तिकेचं मराठीकरण करतोय आणि ‘प्रॉक’ नावाच्या फोल्डरपाशी अडकलोय. तिथली ‘मेमइन्फो’ फाइल वाचली की किती मेमरी मोकळी आहे ते कळतं. पण यादीत तिचा आकार बघावा तर शून्य बाइट! आतापर्यंत ‘फाइल’ला सगळीकडे ‘धारिका’ लिहिलंय. जी काहीच धारण करत नाही तिला धारिका कसं म्हणायचं? ‘आभासी धारिका’ चालेल का?

शाईपेन : धारिका घ्या नाहीतर संचिका, दोन्ही साठवणीचेच शब्द. एकात ‘धृ’, दुसऱ्यात ‘सम्’ आणि ‘चि’. प्रॉकमध्ये साठवण नसतेच. तुम्ही वाचायला घेतलं की कर्नल, म्हणजे लिनक्सचा यंत्र चालवणारा मुख्य भाग, त्या घटकेला आकडे गोळा करून मजकूर रचतो.

‘आभासी’ मात्र नको. ‘आयपी फॉरवर्ड’ नावाच्या फायलीत 1 लिहिला की यंत्र एका जाळ्यातली माहितीची पाकिटं खरोखर दुसऱ्या जाळ्यात धाडू लागतं. लॅपटॉपच्या ‘ब्राइटनेस’ फायलीत लहान आकडा लिहा, पडदा डोळ्यांदेखत मंदावतो. यात आभास कुठे आला?

माजघर : ‘नामधारी’ कसा वाटतो? धारण करते ते फक्त नाव!

शाईपेन : ताई, व्युत्पत्ती झकास, पण नामधारी अध्यक्षाच्या हाती काही नसतं. इथे उलट आहे, पोटात काही नाही आणि हुकूम सगळे चालतात.

माजघर : मग हजरजबाबी म्हणा. विचारल्यावर जागच्या जागी उत्तर.

अर्धाकप : हाहा, हा शब्द पुस्तिकेत घालायची फार इच्छा आहे, पण संपादक कापतील. मूळ ‘फाइल’मध्ये तरी साठवण नाही का?

शाईपेन : आहे की. लॅटिन ‘फिलम’ म्हणजे दोरा. कागद दोऱ्यात नाहीतर तारेत ओवून ठेवायचे, त्यावरून फाइल. आपल्याकडे दुकानात गल्ल्याशेजारी तारेत बिलं खोचलेली असायची, तेच. अर्थ ताणला तो युनिक्सने, म्हणजे लिनक्स जिच्या धर्तीवर बेतली त्या जुन्या प्रणालीने. टर्मिनल, प्रिंटर, डिस्क यांनाही ‘डेव्ह’ फोल्डरखाली नावं दिली आणि ती फायलींसारखीच उघडा, वाचा, लिहा, बंद करा म्हटलं. 1984मध्ये संशोधक टॉम किलियन यांनी प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅमही फाइल म्हणून दाखवला. ‘प्रॉक’ हे नाव त्या प्रोसेसचंच. पुढे बेल लॅब्जच्या ‘प्लॅन नाइन’ या प्रणालीने जाळ्यावरची जोडणीही यात ओढली. ‘क्लोन’ फाइल उघडायची, तिच्यातून जोडणीचा क्रमांक वाचायचा, मग त्या क्रमांकाच्या ‘सीटीएल’ फायलीत कुठे जोडायचं ते साध्या अक्षरांत लिहायचं.

म्हणजे या संदर्भात फाइल म्हणजे नाव असलेली, वाचता-लिहिता येणारी जागा. आत काय आहे हा प्रश्नच गौण. ‘धारिका’ नेमकी त्याच प्रश्नावर बोट ठेवते, म्हणून इथे तिचा घोटाळा होतो. साध्या मजकुराच्या फाइलला खुशाल वापरा.

माजघर : शिवाय ‘फाइल’ कधीच घरची झालीय. फायली, फायलीत, फायलींचा. विभक्ती लावताना कुणी अडखळत नाही. ‘कर्नल’चं तेवढं बघा. माझ्या वडिलांना वाटलं होतं, लिनक्स लष्करातला कुणी अधिकारी चालवतो.

अर्धाकप : ‘गाभा’ लिहिलंय, कंसात कर्नल. आणखी एक. प्रॉकसारखंच ‘सिस’ नावाचं फोल्डर आहे, त्याचा नियम आहे, एका फायलीत एकच व्हॅल्यू. तिथे ‘किंमत’ की ‘मूल्य’?

शाईपेन : मूल्य. किंमत म्हटलं की वाचक रुपये शोधतो. हा नियम मात्र नीट समजावून लिहा. ‘मेमइन्फो’त ढीगभर ओळी, त्यातून हवा तो आकडा वेचायला प्रत्येक प्रोग्रॅमने वेगळी चाळणी लिहायची. आणि रचना बदलावी तर जुन्या चाळण्या तुटतात. एका फायलीत एक मूल्य असलं की फायलीचं नाव हेच त्या आकड्याचं नाव.

अर्धाकप : ठरलं. पहिल्यांदा ‘वाचताक्षणी तयार होणारी फाइल’, पुढे नुसतं ‘फाइल’. आता आधीच्या 60 पानांतल्या धारिका तपासत बसतो.