मदत हवी आहे : लांबच्या विमानात रिलीफ पायलटने बसायचं कुठे?

नमस्कार मंडळी. भाची सांगलीत राहून डीजीसीएच्या (विमान वाहतुकीचं सरकारी खातं) पायलट परीक्षेच्या पेपरांचा अभ्यास करतेय. तिच्यात आणि आमच्या दाजींमध्ये (एसटीतून रिटायर्ड ड्रायव्हर) रिलीफ पायलटवरून (बाकीच्यांना विश्रांती मिळावी म्हणून असलेला जादा पायलट) रोज जुंपते.

दाजी म्हणतात, दुसरा ड्रायव्हर मागं झोपला तरी हाकेच्या अंतरावर पाहिजे. भाची म्हणते, एसटीसारखं इंजिनाशेजारी झोपून कसली विश्रांती! बऱ्याच बोइंग ७७७ मध्ये पायलटांचे बंक (झोपायचे बर्थ) पुढच्या केबिनच्या छताच्या आतल्या पोकळीत असतात. अमेरिकेच्या नियमांत विश्रांतीच्या जागेचे तीन दर्जे आहेत: पहिल्यात वेगळ्या जागी आडवं झोपायला बंक, दुसऱ्यात केबिनमध्येच पडद्याआड जवळपास सपाट होणारी सीट, तिसऱ्यात किमान ४० अंश मागे जाणारी, पायांना आधार असलेली सीट.

त्यावर दाजींनी एअर फ्रान्स ४४७ या विमानाचा अपघात काढला. १ जून २००९. कॅप्टन विश्रांतीला गेला, दहाएक मिनिटांत ऑटोपायलट बंद पडला. कॅप्टन दीडेक मिनिटात परत आला, पण विमान वाचलं नाही. २२८ जण गेले. माझ्या मते दोष बंकचा नव्हता, पण दाजींना कोण सांगणार?

आता खरा प्रश्न. टेकऑफ-लँडिंगला रिलीफ पायलटने कॉकपिटच्या जंपसीटवर (पायलटांमागची जादा सीट) बसून लक्ष ठेवावं, की केबिनमध्ये? आणि झोपेतून उठल्यावर कंट्रोल घेण्याआधी किती वेळ द्यावा? आपल्या सांगली-साताऱ्याकडचं कुणी लांब पल्ल्याची विमानं उडवत असेल तर प्रत्यक्षात काय करतात ते सांगा. गूगलची लिंक नको, ती भाचीनं वाचलीय.