मदत हवी आहे : नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या सुरुवातीच्या काळातील घरची वही. ही वही गिरणीकामगाराची की सूत व्यापाऱ्याची?

नमस्कार. गोळीबार चौकाजवळच्या आमच्या जुन्या घराची कौले उतरवताना माळ्यावरच्या लाकडी पेटीत एक वही सापडली. ती वरच्या बाजूने शिवलेली, उभी, लाल खारव्यात गुंडाळलेली असून तिची साधारण साठ पाने शिल्लक आहेत. बाकीची वाळवीने खाल्ली. मजकूर बहुतेक मोडीत आहे. मी मोडी अलीकडेच शिकलो असल्यामुळे माझे वाचन अडखळत होते, तेव्हा चुका पोटात घालून वाचावे.

प्रश्नाचे मूळ घरातल्या दोन आठवणींत आहे. आजोबा सांगत की त्यांचे आजोबा एम्प्रेस मिल सुरू झाली त्या दिवसापासून ‘थ्रासल’वर, म्हणजे सूत कातण्याच्या एका यंत्रावर, होते. आजोबांची बहीण मात्र ठासून म्हणे की आपल्याकडे कोणी मिलमध्ये कधी गेलेच नाही, आपला घरचा सुताचा धंदा होता. दोघेही आता हयात नाहीत आणि दोघांच्याही बाजूने बोलेल अशी ही एवढीच वस्तू माझ्या हाती आहे.

गिरणीचा इतिहास मी वाचला आहे. जमशेटजी टाटांनी १८६९ मध्ये चिंचपोकळीची एक बुडीत तेलगिरणी घेऊन तिची ‘अलेक्झांड्रा’ नावाची कापडगिरणी केली आणि दोन वर्षांत ती नफ्यात विकली. त्यानंतर इंग्लंडमधल्या गिरण्या पाहून आल्यावर त्यांनी मुंबई सोडून नागपूर निवडले, कारण कापूस इथे दाराशी होता, रेल्वे १८६७ मध्येच आली होती आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ होता. १८७४ मध्ये पंधरा लाखांच्या भांडवलावर कंपनी उभी राहिली, जुम्मा तलावाजवळच्या, म्हणजे आजच्या गांधीसागराजवळच्या, दलदलीच्या जागेत भर घातली गेली आणि १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित झाली त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली; नाव त्यावरूनच पडले. पैसे द्यायला नकार देणाऱ्या इथल्या सावकाराने, हा मनुष्य जमिनीत सोने पुरतो आहे, असे म्हटले होते आणि पुढे, त्याने माती पुरून सोने काढले, अशी कबुली दिली, ही गोष्ट नागपुरात बहुतेकांनी ऐकलेली असते. मला मात्र सावकाराच्या गोष्टीपेक्षा माझी वही जास्त छळते आहे.

वहीतल्या नोंदी साधारण अशा आहेत : ‘नं. २०, बंडल ३, लडी ६००, थ्रासल’. पुढे इतवारी, पाचपावली, उमरेड असा गावाचा किंवा वस्तीचा उल्लेख येतो आणि मग रुपये-आणे. काही नोंदींत ‘थ्रासल’च्या जागी ‘मुल’ असा शब्द आहे. गिरण्यांत त्या काळी लहान मुले कामाला असत हे ठाऊक असल्यामुळे हे मुलांनी केलेले काम असावे, असा माझा समज झाला आहे. एका पानावर ‘नं. ३०, बंडल १, लडी ३००, मुल’ असे आहे. वर्ष कुठेही नाही. महिना, तिथी आणि काही ठिकाणी वार तेवढे आहेत.

माझे प्रश्न दोन आहेत. ‘थ्रासल’ या शब्दावरून वही १८७७ च्या आसपासची ठरवता येईल का? आणि ती कामगाराची आहे की व्यापाऱ्याची?

प्रतिसाद : एक निवृत्त स्पिनिंग मास्तर

आधी आकडे तपासू, कारण ते खोटे बोलत नाहीत. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात बसणाऱ्या लड्यांची संख्या, आणि एक लडी ८४० यार्डांची. विसाच्या सुताच्या एका पौंडात वीस लड्या येतात. हातमागवाल्यांसाठी सूत दहा पौंडांच्या बंडलात बांधले जाई, म्हणजे एका बंडलात दोनशे लड्या. आपल्या नोंदीत तीन बंडले आणि सहाशे लड्या आहेत. तिसाच्या एका बंडलाला तीनशे. हिशेब चोख आहे. विसाचे असे एक बंडल उलगडून सरळ धरले तर १,६८,००० यार्ड धागा होतो, म्हणजे नागपूरहून निघून जवळपास अमरावतीला पोचेल.

आता हा हिशेब कोण ठेवील? थ्रॉसलवर उभा राहणारा माणूस तुटलेले धागे जोडतो आणि भरलेल्या बॉबिनी उतरवतो. त्याच्या हातून लडी जातच नाही. लडी रीलिंग खात्यात तयार होते : दीड यार्ड घेराच्या रहाटाचे ऐंशी फेरे झाले की १२० यार्डांचा एक ‘ली’ आणि सात ‘ली’ मिळून एक लडी. ते काम बहुतेक बायका करीत. पाचपावली, इतवारी, उमरेड ही तर कोष्ट्यांची आणि विणकरांची ठिकाणे. बंडले विणकर वस्त्यांत जात आहेत आणि समोर रक्कम मांडली आहे, तेव्हा ही सूत विकणाऱ्याची वही आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आपल्या आजोबांच्या बहिणीला पहिला कौल द्यावा लागेल.

पण आजोबांनाही पूर्ण बाद करू नये. आपण ‘मुल’ असे वाचले आहे तो शब्द ‘म्यूल’ असणार. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद ठेवत नाहीत आणि परका शब्द तोंडी जसा रुळला तसाच लिहीत. म्यूल आणि थ्रॉसल ही सूत कातण्याची दोन वेगळी यंत्रे. म्यूलचा गाडा बाहेर येताना धागा ओढून पिळतो आणि आत जाताना गुंडाळतो, त्यामुळे सूत मऊ येते. थ्रॉसलवर पीळ आणि गुंडाळणी अखंड चालते. सूत कडक, ताकदवान होते. म्हणून थ्रॉसलचे सूत ताण्याला (कापडाच्या उभ्या धाग्याला) आणि म्यूलचे बाण्याला (आडव्या धाग्याला), हा रिवाज. एम्प्रेस मिल सुरू झाली तेव्हा तिच्यात थ्रॉसलच्या १५,५५२ आणि म्यूलच्या १४,४०० चात्या (स्पिंडल) होत्या आणि माग अवघे ४५० होते. एवढ्या चात्यांचे सगळे सूत तेवढे माग खाऊ शकत नाहीत. उरलेले सूत विकले जाणार आणि ते विणकरापर्यंत नेणारा कोणीतरी मधे लागणार. आपले पूर्वज तिथे बसतात. ‘मी थ्रासलवर आहे’ असे ते म्हणत असतील तर त्याचा अर्थ ‘मी ताण्याचे सूत विकतो’ असा असू शकतो आणि पुढच्या पिढीने तो मशीनवर नेऊन ठेवला असेल.

काळाच्या बाबतीत मात्र जपून असावे. १८८० च्या दशकात जमशेटजींनी एम्प्रेसमध्ये रिंग, म्हणजे सूत कातण्याची नवी यंत्रे, आणली. रिंगवर थ्रॉसलच्या जड फ्लायरऐवजी (धागा गुंडाळणाऱ्या फिरत्या दांड्याऐवजी) कडीवरून पळणारा हलका ट्रॅव्हलर असतो, त्यामुळे चातीचा वेग वाढतो. इंग्लंडातले लँकेशायर म्यूलला चिकटून बसले असताना नागपुराने रिंग धरली, ही गोष्ट मला त्या सावकाराच्या किश्शापेक्षा कितीतरी मोठी वाटते. अडचण अशी की यंत्र बदलले तरी नाव गेले नाही. अहमदाबादेत रिंगच्या खात्याला पुढे कित्येक वर्षे थ्रॉसलच म्हणत. त्यामुळे नुसत्या ‘थ्रासल’ शब्दावरून वर्ष ठरत नाही. ‘थ्रासल’ आणि ‘म्यूल’ एकाच हाताने, शेजारी शेजारी लिहिलेले आहेत, हे त्यापेक्षा बरे प्रमाण आहे, पण विलायती म्यूलचे सूतही बाजारात असे, हे विसरू नये. मिलचे नाव वहीत कुठे आहे का? ‘एम्प्रेस’ लिहिलेले आढळले तर ते पान १८७७ च्या आधीचे असू शकत नाही.

प्रतिसाद : मोडी वाचक

मास्तरांनी शब्द सोडवला. वर्षासाठी तिथी वापरावी. महिना, तिथी आणि वार तिन्ही असतील तर पंचांगाशी ताडून बरीच वर्षे बाद करता येतात आणि अशा आठ-दहा नोंदी घेतल्या तर बहुधा एकच वर्ष उरते. जुन्या लिखाणात वार आजच्या नावांनी नसतात, हे लक्षात ठेवावे : सोमवारला इंदुवार, मंगळवारला भौमवार, बुधवारला सौम्यवार, शुक्रवारला भृगुवार आणि शनिवारला मंदवार. कागद विलायती असेल तर उजेडासमोर धरून पाहावा, पाणखुणेत (वॉटरमार्कमध्ये) कधीकधी साल असते. वही खारव्यातून काढून सपाट ठेवावी आणि पाने चिकटपट्टीने जोडू नयेत. विदर्भ संशोधन मंडळात किंवा नागपूरच्या पुराभिलेखागारात ती एकदा दाखवावी, असे सुचवतो. टाटांच्या बाजूची कागदपत्रे पुण्याच्या टाटा सेंट्रल अर्काइव्ह्जमध्ये आहेत, परंतु किरकोळ सूत विक्रेत्याचा मागमूस तिथे मिळण्यापेक्षा वहीतल्या वहीतच मिळेल.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री सगळी पाने पुन्हा काढून बसलो. ‘मुल’ हे मूल नाही, हे आता स्वच्छ दिसते. पाचपावलीच्या एकाच घराच्या नावे एकाच तिथीला ‘थ्रासल बंडल २’ आणि त्याखाली ‘मुल बंडल १’ अशी जोडी चार ठिकाणी आहे. ताणा आणि बाणा एकाच वेळी नेले जात होते. मिलचे नाव मात्र कुठेही आढळले नाही.

‘मंद’ हा शब्द मी धंदा थंड असल्याची नोंद समजून सोडून देत आलो होतो. तो वार असेल असे वाटलेच नव्हते. असे सहा मंदवार आणि तीन भृगुवार तिथींसह मिळाले आहेत. त्यांची यादी करून शके १७९८ (इ.स. १८७६-७७) पासून पुढच्या वीस वर्षांच्या पंचांगांशी ताडायला घेतो आहे. मास्तरांना एकच विचारायचे आहे : तीन पानांवर ‘नं. १०, थ्रासल’ असून लड्या शंभरऐवजी ऐंशी लिहिल्या आहेत आणि रक्कमही त्या प्रमाणात कमी आहे. आठ पौंडांचेही बंडल बांधत असत का, की हे फोडून विकलेले सूत समजावे?